निसर्गाशी एकरूप व्हायचंय? आधी जेसीबी बोलवा

शेतकरी असल्याचा दाखला कुठून तरी पैदा करून दापोलीकडे सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, दहा गुंठे घेतलेत ना? अभिनंदन. आता घर निसर्गाशी एकरूप झालं पाहिजे, तेव्हा पहिला फोन जेसीबीवाल्याला. निसर्ग मुळात ओबडधोबड. तो सपाट केल्याशिवाय त्याच्याशी जुळत नाही. करवंदाच्या जाळ्या, आईन, किंजळ असला किरकोळ माल हटवा. काजू एखादा ठेवा, झोपाळ्यावरच्या फोटोत मागे बरा दिसतो.

पावसाळ्यात या कातळावर सीतेची आसवं फुलतात. निळी-जांभळी, करंगळीच्या नखाएवढी. पण ती फुकट उगवतात. पाहुण्यांना किंमत काय सांगणार? त्यांच्यावर ट्रकभर माती पसरून कार्पेट लॉन लावा. मार्चपासून विहिरी तळ गाठतील, पण तुम्हाला काय, टँकर आहे. स्विमिंग पूलही त्यातच भागतो.

खरी कसोटी भिंतींची. इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या जांभ्याच्या चिऱ्याची घरं बांधत आली. खाणीतून काढताना मऊ असलेला चिरा ऊन-वारा खाऊन कडक होतो. वर उतरती कौलं, पुढे पडवी, पावसाच्या तोंडाला झावळ्यांची झापं. अगदीच गावठी! तुम्ही सपाट स्लॅबचा आरसीसी डबा उभारा आणि त्यावर चिऱ्याचं चित्र छापलेल्या टाइल्स चिकटवा. आर्किटेक्ट याला ‘स्थानिक शैली’ म्हणतो. टाइल्स गुजरातेतल्या मोरबीहून येतात, तो भाग वेगळा. चिऱ्याची खाण दोन किलोमीटरवर असली तरी तिला कॅटलॉग नसतो.

पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच हवीच. समुद्र दिसायला नको? दुपारी तीननंतर समुद्राच्या जोडीला सूर्यही घरात येतो, म्हणून जाड पडदे लावा आणि पडद्याआड दीड टनाचे दोन एसी. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि तोही आडवा. झड थेट काचेवर. श्रावणात कुलूप उघडलंत आणि सोफ्यावर हिरवट लव दिसली, तर घाबरू नका. एकरूप होण्याची सुरुवात अशीच होते.

शेवटी नाव. परवा अशाच एका गृहप्रवेशाला गेलो होतो. गेटवर पितळी पाटी: ‘निसर्ग’. मालकांनी राखणदाराला कौतुकानं विचारलं, “काय, नाव कसं वाटलं?”

तो होजपाइप गुंडाळत होता. मान वर न करता म्हणाला, “बरं हाय, सायेब. ह्याच नावाचं वादळ आलं होतं नाय का, २०२०च्या ३ जूनला? आमच्या घरावरची कौलं घेऊन गेलं.”