‘मरणाची सहल’ म्हणणाऱ्या सुभेदारसाहेबांना उत्तर

सुभेदारसाहेब, नमस्कार.

फ्रान्सच्या रणभूमींवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया चार दिवस पुन्हा पुन्हा वाचतेय. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. साहेबांचं म्हणणं असं, की पहिल्या महायुद्धात माणसं जिथे किड्यामुंगीसारखी मेली तिथे मी सहल काढली आणि युद्धाचं उदात्तीकरण केलं. दुओमाँचा किल्ला कसा पडला हे मी चुकीचं लिहिलं. आणि परक्यांच्या मेलेल्यांसाठी गळा काढताना माझ्या लेखात आपल्या माणसांबद्दल एक ओळही नव्हती. शेवटी त्यांनी लिहिलंय, “माझे पणजोबा बसऱ्याला गेले ते परत आलेच नाहीत. त्यांच्यासाठी कोण फुलं घेऊन जातं?”

चूक मान्य करून सुरुवात करते. दुओमाँ ‘महिनाभर झुंजून पडला’ असं मी लिहिलं होतं, ते साफ चूक आहे. फ्रान्समधल्या वर्दून शहरासाठीची फ्रेंच-जर्मन लढाई २१ फेब्रुवारी १९१६ ला सुरू झाली आणि पाचव्याच दिवशी, २५ तारखेला, मूठभर जर्मन सैनिक त्या किल्ल्यात जवळजवळ गोळी न झाडता शिरले. आत जेमतेम काही डझन फ्रेंच माणसं होती. एवढा मोठा किल्ला, पण त्याच्यातल्या बहुतेक तोफा फ्रेंचांनी आधीच काढून दुसरीकडे नेल्या होत्या. माझ्या डोक्यात घोळ झाला तो शेजारच्या वो किल्ल्याशी. फ्रेंच कमांडंट रेनाल आणि त्यांची माणसं झुंजली ती तिथे. बोगद्यांच्या अंधारात, विषारी वायूत हातघाईची लढाई चालली होती आणि टाक्यांतलं पाणी संपलं होतं. माणसं भिंतीवरची ओल चाटत होती. ४ जूनला त्यांनी शेवटचं कबुतर निरोप देऊन सोडलं आणि ७ जूनला किल्ला दिला. त्यांना हरवलं ते तहानेनं. दोन्ही किल्ले मी एकाच दिवशी पाहिले आणि घरी येऊन आठवणीवर लिहिलं. तुमच्यासारख्या माणसासमोर ही सबब चालत नाही. मजकूर दुरुस्त केलाय.

दुसरी गोष्ट लेखातल्या त्या फोटोची. दुओमाँच्या माथ्यावर, तोफेच्या लोखंडी घुमटाला टेकून हसणारी मी. तो काढून टाकलाय. आपण कशावर उभ्या आहोत हे फोटो घेतला तेव्हा मला ठाऊक नव्हतं. अर्ध्या तासानं खाली बोगद्यात उतरले. ऑगस्ट असूनही स्वेटर घालावा लागला. छतातून पाणी ठिबकत होतं आणि त्याचे चुन्याचे बारीक सुळे लोंबत होते. एका जागी बोगदा भिंतीनं बंद केलेला आहे आणि तिच्यापुढे क्रूस आहे. ८ मे १९१६ ला किल्ल्यात स्फोट झाला आणि शेकडो जर्मन सैनिक एका झटक्यात गेले. इतके मृतदेह बाहेर नेऊन पुरणं तोफांच्या माऱ्यात शक्य नव्हतं. म्हणून ६७९ जणांना आतच ठेवून भिंत बांधली. ते आजही तिथेच आहेत.

आता ‘उदात्तीकरण’ या तुमच्या शब्दाबद्दल. इथे मात्र मी मागे हटणार नाही. पॅरिसमध्ये नेपोलियनच्या थडग्यापाशी तुमचं म्हणणं खरं ठरतं. तिथे सोन्याचा घुमट, भोवती बारा विजयांच्या मूर्ती, आणि मेलेल्या शिपायांचा मागमूस नाही. मीही तिथे फार वेळ थांबले नाही. पण वर्दूनला उदात्तीकरण करायला काही शिल्लकच ठेवलेलं नाही. दुओमाँच्या अस्थिगृहात सुमारे १,३०,००० सैनिकांची हाडं आहेत. त्यातलं फ्रेंच कोण, जर्मन कोण, कुणालाच सांगता येत नाही, म्हणून सगळी एकत्र ठेवली आहेत. इमारतीच्या मागच्या बाजूला जमिनीलगत छोट्या काचेच्या खिडक्या आहेत. बघायचं तर वाकावं लागतं. मी वाकले. समोर मांडीच्या हाडांची रास होती, आपल्याकडे पावसाळ्यासाठी लाकडं रचून ठेवतात तशी. वर एक कवटी, तिचे खालचे दात शाबूत. विशीतला असावा. माझ्या शेजारी दहा-बारा वर्षांची एक जर्मन मुलगी वाकली होती. ती उठली आणि काही न बोलता वडिलांचा हात धरून उभी राहिली. याला सहल म्हणत असाल तर प्रत्येक शाळेची एक सहल तिथे जावी असं मला मनापासून वाटतं.

जवळच फ्लरी आहे. म्हणजे होतं. लढाईआधी तिथे चारशेच्या वर माणसं राहत. आता झाडं आहेत, आणि गवतानं झाकलेले खड्डे, इतके दाट की दोन पावलं सपाट जमीन सापडत नाही. मधून पायवाट जाते आणि तिच्या कडेला छोट्या पाट्या आहेत: इथे बेकरी होती, इथे लोहार, इथे शाळा. वर्दूनभोवतीची अशी नऊ गावं बेचिराख झाली, त्यातली बहुतेक पुन्हा वसलीच नाहीत. जमिनीत न फुटलेले गोळे अजून निघतात. तरी फ्रेंच सरकार फ्लरीसाठी आजही महापौर नेमतं. एकही रहिवासी नसलेल्या गावाला महापौर कशाला? तर गावाचं नाव कागदावरून जाऊ नये म्हणून. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या आपल्या गावांची मला तिथे फार आठवण आली.

साहेब, तुमचा तिसरा मुद्दा मात्र मला लागला, कारण तो खरा आहे. मी खरंच त्या लेखात एक ओळही लिहिली नाही. आणि ती न लिहिण्याचं मला काहीच कारण नव्हतं, कारण मी नव-शापेलला जाऊन आले होते.

उत्तर फ्रान्समध्ये, लील शहरापासून तासाभराच्या आत, बटाट्याच्या आणि बिटाच्या शेतांमध्ये एका चौकात भारतीय सैनिकांचं स्मारक आहे. गोल भिंत, पंधरा मीटर उंचीचा स्तंभ, त्यावर कमळ, दोन बाजूंना दोन वाघ. स्तंभाच्या पायाशी देवनागरी अक्षरं दिसली आणि पाय थबकले. पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर गेलेल्या, ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा ४,७०० हून अधिक जणांची नावं भिंतीवर पलटणींनुसार कोरली आहेत. त्यात आपल्या खडकीचे सॅपर्स आहेत. बॉम्बे सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या. २८ ऑक्टोबर १९१४ ला याच गावावर ४७ व्या शीख पलटणीच्या जोडीनं त्यांना पायदळासारखं चढवलं. त्यांचं काम पूल बांधायचं, सुरुंग लावायचं. त्या दिवशी संगिनी लावून ते घराघरांतून लढले आणि त्यांचे फार लोक पडले. मी पुण्यात वाढले, खडकीवरून हजारदा गेले असेन, आणि हे मला फ्रान्समधल्या एका भिंतीसमोर कळलं.

तुमच्या पणजोबांचं उत्तर याच भिंतीत आहे, आणि ते सुखाचं नाही. नव-शापेलला साध्या शिपायाचंही नाव दगडावर आहे. आजच्या इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिशांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची आहेत, पण हिंदी शिपायांचा पलटणीमागे फक्त आकडा कोरला. त्याच इराकातल्या कूतला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या. उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ ला ते ठाणं पडलं. तिकडे वर्दून पेटलेलं होतं ते हेच महिने. वर्दूनच्या फ्रेंच शिपायाला ओळख पटली तर नावाचा क्रूस मिळाला. कूतच्या मराठा शिपायाच्या वाट्याला आकडा आला. सातारा, रत्नागिरीकडच्या गावांतले ते संगमरवरी दगड तुम्ही पाहिले असतील: या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यातले इतके मेले. तिथेही आकडाच. या स्मारकांची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगानं (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन) २०२१ मध्ये हा भेदभाव अहवालात कबूल केला आणि माफी मागितली. शंभर वर्षं लागली.

म्हणूनच मी तिथे जाते, साहेब. नाव लिहिलेली भिंत काय असते हे पाहिल्यावरच, न लिहिलेल्या भिंतीचा राग कळतो. हे मी मूळ लेखातच लिहायला हवं होतं.

एक करता येईल. दगडावर नसली तरी शिपायांची नावं त्या आयोगाच्या नोंदीत आहेत आणि ती इंटरनेटवर शोधता येतात. स्पेलिंग फार विचित्र असतात, त्यामुळे एका नावासाठी पाच-सहा तऱ्हांनी शोधावं लागतं. पणजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, गाव आणि पलटण ठाऊक असेल तर पलटण, एवढं मला ईमेलवर कळवा, इथे खाली लिहू नका. घरात जुनं पेन्शनचं पुस्तक किंवा पदक असेल तर पदकाची कड नीट बघा. नंबर आणि पलटण तिथे कोरलेली असते.