‘थोडं वाचून लिहीत जा’ म्हणणाऱ्या वाचकांस

नमस्कार.

गावकावळा हुशार असतो, असं मी माझ्या लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा मुद्दा सापडलाच नाही, नुसता सूर ऐकू आला. “जो पक्षी परक्याचं पिल्लू स्वतःचं समजून वाढवतो त्याला हुशार म्हणणं हा भाबडेपणा आहे. थोडं वाचून लिहीत जा,” असं तुम्ही लिहिलंत. मतभेद असायला माझी काहीच हरकत नाही. पण लेखाखाली येऊन लिहिणारीला पुन्हा शाळेत बसवायचं, ही कुठली रीत?

आधी फोटोचं. त्यात गावकावळ्याची मान काळीच दिसते, ही तक्रार रास्त आहे. ऊन पाठीमागून होतं. मान आणि छाती राखाडी, बाकी कपाळ, गळा, पंख काळेभोर; डोमकावळा सगळाच काळा आणि चोचीने दणकट, एवढं मला कळतं. फोटो बदलते. झालं समाधान?

आता कोकिळेचं. कावळ्याला कोकीळ ओळखता येत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं? घरट्याच्या आसपास काळा नर दिसला रे दिसला की कावळे त्याच्यावर तुटून पडतात. कित्येकदा ते नराच्या मागे लागलेले असतानाच ठिपक्याठिपक्यांची मादी गुपचूप अंडं घालून पसार होते. म्हणजे पाहुणा ओळखला, हाकलला, आणि त्या गडबडीतच घात झाला. याला मूर्खपणा म्हणायचं असेल तर म्हणा.

राहिलं अंडं. कोकिळेचं अंडं आकाराने लहान असतं, पण रंग तसाच हिरवट-निळसर आणि त्यावर तपकिरी ठिपके. कावळ्याची स्वतःची अंडीही सगळी एकसारखी नसतात. शंका आली म्हणून एक बाहेर फेकलं आणि ते स्वतःचंच निघालं तर? शिवाय कोकिळेचं पिल्लू कावळ्याच्या पिल्लांआधी अंड्यातून बाहेर येतं आणि सहसा त्यांना घरट्याबाहेर ढकलत नाही. त्यामुळे त्याच घरट्यातून कावळ्याची पिल्लंही मोठी होऊ शकतात. समोर वासलेल्या चोचीत घास घालायचा, हे त्या आईबापांच्या अंगातच असतं. एका पक्ष्याची सगळी अक्कल या एकाच परीक्षेवर मोजायची, हा हट्ट तुमचा आहे, माझा नव्हे.

आणि “वाचून”? मी कावळे पाहत मोठी झाले आहे, साहेब. लहानपणी झाडाखाली पडलेलं पिल्लू मी उचलून फांदीवर ठेवलं. त्या जोडीला माझा हेतू कसा कळावा! पुढे कितीतरी दिवस मी झाडाखालून निघाले की मागून येऊन डोक्यावर टपली बसायची. टोचायचे नाहीत, पंजाने फटका मारून वर निघून जायचे. माझ्या मागोमाग येणाऱ्या भावाकडे ढुंकूनही बघत नसत. भावाची टोपी घालून गेले तरी मीच सापडायचे. हे मी कुठल्या पुस्तकातून उचललेलं नाही.

पुस्तकी पुरावाच हवा असेल तर तोही आहे. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या जॉन मार्झलफ यांनी 2006 मध्ये एक मुखवटा घालून कावळे पकडले आणि सोडून दिले. नंतर वर्षानुवर्षं तो मुखवटा दिसला की तिथले कावळे कलकलाट करत राहिले. तो अमेरिकेतला कावळा, आपला गावकावळा नव्हे, हे तुम्ही सांगायच्या आधी मीच सांगते.

तुमचे उरलेले आक्षेप, म्हणजे उपजाती, शास्त्रीय नाव, घरट्यातल्या तारा, यांवर वेळ घालवत नाही. तारांबद्दल एवढंच: काटक्यांमध्ये तारा गुंफलेली घरटी गावकावळा बांधतो, मी अशी पाहिली आहेत आणि लेखात लिहिलंय त्यातला शब्दही मागे घेणार नाही.

“कावळ्याचं कौतुक आफ्रिकेत जाऊन करा” हा टोमणाही कळला. माणसाने आणलेला आणि जहाजांवरून पोचलेला गावकावळा पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तिथल्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं खातो, हे खरंच आहे. केनियाने 2024 मध्ये दहा लाख कावळे मारायचा बेत जाहीर केला, तोही मला ठाऊक आहे. पण मी त्याला हुशार म्हटलं होतं, सज्जन नाही. पुढची प्रतिक्रिया लिहिण्याआधी निदान लेख तरी पूर्ण वाचा.