तांबं अमृत आणि जर्मन विष? त्या फॉरवर्डमधला एकेक दावा

व्हॉट्सॲपवर एक मेसेज कित्येक वर्षं फिरतोय, मधेमधे गायब होतो आणि परत येतो, कधी कढईच्या फोटोसकट तर कधी व्हिडिओ बनून. त्यातलं म्हणणं साधारण असं: ॲल्युमिनियमची भांडी इंग्रजांनी आणली ती तुरुंगातल्या क्रांतिकारकांना हळूहळू मारायला. ॲल्युमिनियमच्या कुकरमध्ये शिजवलं की अन्नातले ८७ टक्के पोषक घटक नष्ट होतात, फक्त १३ टक्के उरतात, पितळेत मात्र ९३ आणि काशात ९७ टक्के टिकतात. ॲल्युमिनियम मेंदूत साठतं आणि अल्झायमर होतो. तांबं सगळ्यात शुद्ध, त्यात ठेवलेलं काहीही औषध बनतं. म्हणून आजच घरातलं सगळं जर्मन, म्हणजे ॲल्युमिनियम, फेका, स्वयंपाक तांब्या-पितळेत करा, आणि बाळाचं दूधसुद्धा त्यातच तापवा.

हे शेवटचं वाक्य वाचून मी लिहायला बसलेय. बाकीचं नुसतं चुकीचं आहे, हे एक वाक्य घरातल्या लहान मुलाच्या लिव्हरवर येऊ शकतं. त्याच्याकडे शेवटी येते, आधी बाकीचं बघू.

इंग्रज आणि कैद्यांचं. तुरुंगातल्या भांड्यांवरून खरोखर दंगे झालेत आणि त्याची नोंद आहे. १८५५ साली बिहारमध्ये आरा आणि मुझफ्फरपूरच्या तुरुंगांत कैद्यांचे पितळी लोटे काढून घेतले, कारण लोटा हत्यार म्हणून डोक्यात घालता येतो अशी अधिकाऱ्यांना भीती, आणि बदल्यात दिली मातीची भांडी, त्यावरून प्रचंड असंतोष झाला. मातीची, ॲल्युमिनियमची नव्हे. ॲल्युमिनियम देणं शक्यच नव्हतं, कारण त्याच १८५५ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ॲल्युमिनियम दुर्मिळ, मौल्यवान धातू म्हणून मांडून ठेवलं होतं. पृथ्वीच्या कवचात सगळ्यात जास्त असणारा धातू हाच आहे, साधारण ८ टक्के, पण तो ऑक्सिजनला इतका घट्ट धरून असतो की लोखंडासारखा कोळशाच्या भट्टीत सुटा होत नाही. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू, दोघांनी वेगवेगळं काम करून विजेने तो सुटा करायची पद्धत शोधली आणि मग भाव कोसळला. आपल्याकडे १८९८ च्या सुमारास मद्रासच्या स्कूल ऑफ आर्ट्समध्ये आल्फ्रेड चॅटर्टन यांनी याची भांडी बनवायला सुरुवात केली, उद्देश होता इथे एक नवा धंदा उभा करायचा, आणि ती भांडी लोकांनी स्वतःच्या पैशाने विकत घेतली कारण हलकी होती, स्वस्त होती आणि कल्हई लागत नव्हती. क्रांतिकारकांचे तुरुंगात हाल झाले ते कोलूने, बेड्यांनी, मारहाणीने, निकृष्ट अन्नाने. ते खरे हाल बाजूला ठेवून भांड्यांची गोष्ट रचणं मला त्या माणसांवर अन्याय वाटतो.

आता ते ८७ टक्के. हा आकडा कुठल्या अन्नाचा, कुठल्या घटकाचा, किती वेळ शिजवल्यावरचा, मेसेजमध्ये काहीच नसतं. आणि असा एक आकडा असूच शकत नाही, कारण पोषक घटक म्हणजे एक वस्तू नाही. डाळीतलं लोह हे मूलद्रव्य आहे, ते कुकरमध्येच काय कुठल्याच चुलीवर नष्ट होत नाही. प्रोटीन शिजल्यावर उलट पचायला सोपं होतं. खरोखर कमी होतात ती काही जीवनसत्त्वं, मुख्यतः सी आणि बी गटातली काही, आणि ती जातात उष्णतेने, हवेने, जास्त वेळ उकळल्याने आणि शिजवलेलं पाणी ओतून दिल्याने. कुकर बंद असतो, वेळ कमी लागतो, पाणी आतच राहतं, म्हणजे बऱ्याचदा नुकसान कमीच. आणि गंमत नाही, गंभीरपणे सांगते, या बाबतीत दोन धातूंमध्ये वाईट ठरतं ते तांबं. तांब्याचे अंश अगदी थोडे जरी पदार्थात उतरले तरी व्हिटॅमिन सी चं ऑक्सिडेशन झपाट्याने होतं, हे रसायनशास्त्रात फार जुनं माहीत असलेलं आहे. ॲल्युमिनियम तसं करत नाही.

अल्झायमरचा दावा हवेतून आलेला नाही, म्हणून तो नीट सांगायला हवा. १९६५ साली सशांच्या मेंदूत ॲल्युमिनियमचा क्षार टोचल्यावर तिथल्या पेशींत अल्झायमरसारखे वाटणारे गुंते दिसले, मग १९७० च्या दशकात काही रुग्णांच्या मेंदूत ॲल्युमिनियम जास्त सापडल्याचे रिपोर्ट आले आणि लोक घाबरले. त्याच काळात डायलिसिसवरच्या पेशंटना ॲल्युमिनियममुळे मेंदूचा गंभीर आजार झाला, तोही खरा, पण तिथे डायलिसिसच्या पाण्यातलं ॲल्युमिनियम आतडं टाळून थेट रक्तात जात होतं आणि किडनी बंद असल्याने बाहेर पडत नव्हतं. सशांमधले गुंते तपासल्यावर अल्झायमरच्या गुंत्यांपेक्षा वेगळे निघाले, आणि नंतरच्या अभ्यासांतून भांड्यांमुळे अल्झायमर होतो असं सिद्ध झालेलं नाही. तोंडाने पोटात गेलेल्या ॲल्युमिनियमपैकी एक टक्क्याहूनही कमी रक्तात शिरतं आणि निरोगी किडनी त्यातलं बहुतेक काढून टाकते. ॲसिडिटीच्या कितीतरी गोळ्यांत ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड असतं, एका गोळीत जेवढं जातं तेवढं पातेल्यातून एका जेवणात सहसा उतरत नाही. हाच मेसेज पाठवणाऱ्या घरात पाण्यात फिरवायला तुरटी असते, तीही ॲल्युमिनियमचाच क्षार.

म्हणजे काहीच काळजी नको का, तर तसं नाही. आंबट पदार्थ साध्या ॲल्युमिनियमला खातात. चिंचेचं सार, टोमॅटोची ग्रेव्ही, कोकम, ताक हे त्यात तासन्तास उकळू नये आणि रात्रभर तर अजिबात ठेवू नये. हार्ड ॲनोडाइज्ड भांड्यावर ॲल्युमिनियमवर आपोआप चढणारा ऑक्साइडचा थर विजेने जाड केलेला असतो त्यामुळे तिथे हा प्रश्न खूप कमी. किडनीचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांशी बोलून घ्यावं. आणि ज्याची मला खरी धास्ती वाटते ते म्हणजे भंगारातून ओतलेली भांडी. गाडीचे पार्ट, जुनी यंत्रं, काय वाट्टेल ते वितळवून कढया ओततात, आफ्रिकेत कॅमेरूनमध्ये अशा भांड्यांतून शिसं उतरतं हे तपासणीत सापडलंय, आणि शिशाचा लहान मुलांना सुरक्षित डोस असा नसतोच. त्यामुळे आयएसआय मार्क असलेलं, आयएस १६६० या ॲल्युमिनियम भांड्यांच्या भारतीय मानकाचं भांडं घ्या, वजनावर मिळणारं बेनामी घेऊ नका. मेसेजमध्ये हे एक कामाचं वाक्य असतं तर बरं झालं असतं.

एक युक्तिवाद कमेंट्समध्ये हमखास येतो, की तांबं श्रेष्ठ म्हणूनच घरातली वायर तांब्याची असते. वायर तांब्याची असते हे खरं, पण मग डोक्यावरून जाणाऱ्या हाय टेन्शन लाइन बघा, त्या ॲल्युमिनियमच्या असतात, आत स्टीलची तार आणि भोवती ॲल्युमिनियमचे पेड. एकाच जाडीच्या तारेत ॲल्युमिनियम तांब्याच्या सुमारे ६१ टक्के वीज वाहून नेतं, पण घनता बघितली तर तांब्याची ८.९६ आणि ॲल्युमिनियमची २.७०, म्हणजे वजनाच्या हिशोबात ॲल्युमिनियम जवळपास दुप्पट वीज नेतं आणि टॉवरवर भार कमी येतो. घरात उलटं. तिथे स्क्रूखाली ॲल्युमिनियम हळूहळू दबतं, जोड सैल होतो, वर चढणारा ऑक्साइडचा थर वीज अडवतो, जोड तापतो आणि आग लागू शकते, म्हणून तिथे तांबं. उष्णता वाहून नेण्यातही तांबं पुढे आहे, वॉट प्रति मीटर-केल्विन या मापात तांब्याचे साधारण ४०० तर ॲल्युमिनियमचे २३७, पण स्टेनलेस स्टीलचे जेमतेम १५-१६, त्यामुळे स्टीलच्या भांड्याला खाली तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा थर देतात. काम कुठलं ते बघून धातू निवडतात, शुद्ध-अशुद्ध हा प्रश्न इंजिनिअरही विचारत नाही आणि स्वयंपाकघरातही तो चुकीचाच आहे.

आता तांब्याकडे. तांब्याच्या हंड्यातलं पाणी, हे खरं आहे आणि मी त्याच्या बाजूनेच आहे. बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ साली दाखवलं की जुलाब करणारे जंतू घातलेलं पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलं तर ते जंतू मरतात आणि पाण्यात उतरलेलं तांबं जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅमच्या, बरंच आत राहतं. शरीराला तांबं लागतंही, मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १ मिलिग्रॅम. पण हे सगळं साध्या पाण्याबद्दल आहे. त्यात लिंबू पिळलं, ताक ठेवलं, आमटी ठेवली की हिशोब बदलतो, आम्लाने तांबं भराभर सुटतं, मळमळ, उलट्या, पोटात कळा. आपल्या आज्यांना हे पक्कं माहीत होतं, ताक कळकलं की त्या सरळ ओतून द्यायच्या. म्हणून तर कल्हईवाला दारावर यायचा. भांडं तापवून नवसागर टाकून आतून कथलाचा थर द्यायचा, म्हणजे जेवण तांब्याला लागूच द्यायचं नाही. ज्या परंपरेचं नाव घेऊन हा मेसेज फिरतो त्या परंपरेत उघड्या तांब्यात कोणी आमटी शिजवत नव्हतं! कायद्यानेही तेच सांगितलं, अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांत नीट कल्हई नसलेली तांब्या-पितळेची भांडी अन्नासाठी अयोग्य धरलेली होती. आज किती घरांत कल्हई होते? शोकेसमधून काढलेलं पातेलं सरळ गॅसवर चढतं.

आणि आता बाळाचं दूध. आपल्या देशात एक आजार होता, डॉक्टर त्याला इंडियन चाइल्डहूड सिरॉसिस म्हणत. साधारण सहा महिने ते पाच वर्षांची मुलं, पोट फुगायचं, लिव्हर दगडासारखं कडक लागायचं, कावीळ व्हायची आणि बहुतेक मुलं काही महिन्यांत जायची, एकाच घरात दोन-दोन मुलं गेल्याच्या केसेस आहेत. लिव्हर तपासलं तर त्यात तांबं प्रचंड, नेहमीच्या कितीतरी पट. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या भावे आणि पंडित या डॉक्टरांनी इंग्लंडच्या टॅनर यांच्यासोबत या मुलांच्या खाण्याचा इतिहास काढला आणि १९८३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलं, की या मुलांना फार लवकर वरचं दूध सुरू झालेलं होतं आणि ते दूध तापवलं, ठेवलं जायचं ते तांब्या-पितळेच्या भांड्यांत. पाणी त्याच भांड्यात ठेवलं तर फार तांबं घेत नाही, पण दुधातलं केसीन हे प्रोटीन तांब्याला धरतं. आईच्या दुधात तांबं अगदी कमी असतं, तान्ह्या बाळाच्या लिव्हरमध्ये जन्मतःच साठा भरपूर असतो आणि पित्तावाटे ते बाहेर टाकायची यंत्रणा अजून तयार व्हायची असते. सगळ्याच मुलांना हा आजार होत नव्हता, काहींच्या शरीरातच काही जन्मजात कमजोरी असणार यावर डॉक्टर अजून बोलतात, पण भांडी बदलली आणि आजार जवळजवळ नाहीसा झाला ही गोष्ट तशीच राहते. बदलून काय आलं? स्टील आणि हेच जर्मन.

आणि हे फक्त भारतात नाही. ऑस्ट्रियाच्या टिरोल भागात १९०० ते १९७४ या काळात १३८ लहान मुलांना असाच आजार झाल्याचं १९९६ साली प्रसिद्ध झालं. तिथेही गाईचं दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांत आटवून बाळांना द्यायचे, आणि तिथेही ती भांडी गेली तसा आजार गेला.

आजचे तरुण बालरोगतज्ज्ञ हा आजार पुस्तकात वाचतात, पेशंट बघायला मिळत नाही. आणि नेमक्या आत्ता लोक बारशाला तांब्या-पितळेची भांडी भेट देतायत आणि खाली लिहितायत की बाळाचं दूध यातच तापवा. भांडं सुंदर आहे, ठेवा, कल्हई करून त्यात भात करा, रिकामं गॅसवर ठेवू नका कारण कथील २३२ अंशालाच वितळतं. पण बाळाचं दूध स्टीलमध्ये. हा मेसेज तुमच्या फॅमिली ग्रुपवर आला आणि ग्रुपमध्ये कोणाकडे वर्षाच्या आतलं बाळ असेल तर इंग्रज आणि अल्झायमरवर वाद घालत बसू नका, आधी त्या घरी फोन करून विचारा की दूध कशात तापवताय.