खुलासा : बीनपॉट म्हणजे हॉकी ईस्टचं विजेतेपद नव्हे

बीनपॉट ही अमेरिकेतल्या कॉलेज संघांची एक आइस हॉकी स्पर्धा, तर हॉकी ईस्ट ही अशा संघांची परिषद, म्हणजे लीग. बॉस्टनच्या आपल्या मराठी ग्रुपांवर फिरतंय की 'बीनपॉट जिंकला की हॉकी ईस्टचं विजेतेपद मिळतं आणि संघ थेट राष्ट्रीय स्पर्धेत जातो'. हे चुकीचं आहे, आणि ती पोस्ट मूळ माझीच. माफ करा.

घोळ झाला तो मैदानामुळे. दोन्हींचे अंतिम सामने बॉस्टनच्या टीडी गार्डन या स्टेडियममध्येच होतात. पण बीनपॉट फक्त बॉस्टन परिसरातल्या चार संघांचा, फेब्रुवारीतल्या दोन सोमवारांचा. त्यातलं हार्वर्ड तर हॉकी ईस्टमध्ये खेळतच नाही, ते ईसीएसी या दुसऱ्या परिषदेत. मग हे परिषदेचं विजेतेपद असेल कसं?

२०२५ चंच बघा. फेब्रुवारीत बीनपॉट बॉस्टन युनिव्हर्सिटीने जिंकला, बॉस्टन कॉलेजला ४-१ हरवून. मार्चमध्ये हॉकी ईस्टचं विजेतेपद मात्र मेन विद्यापीठाने जिंकलं, कनेक्टिकट विद्यापीठाला ५-२ हरवून. १६ संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळाला तो मेनला. बॉस्टन युनिव्हर्सिटीही तिथे गेली, पण हंगामभरच्या कामगिरीवर.

माझी जुनी पोस्ट काढून टाकली आहे. कुणाकडे पोहोचली असेल तर कृपया पुढे पाठवू नका.