तुमची गाडी लई पळतीया

शेजारच्या काकूंचे चुलतसासरे डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बार्शीहून पुण्याला आलेत. गेल्या रविवारी ते आमच्या बेडरूममध्ये दोन तास बसून गेले, आणि माझा पारा अजून उतरलेला नाही.

मी बेडरूमच्या भिंतीलगत, नऊ फुटी फळीवर, बार्शी लाईट रेल्वे, म्हणजे आपली जुनी अरुंद रुळांची गाडी, छोट्या मॉडेलमध्ये बांधतोय. कुर्डुवाडी ते बार्शी टाउन, मधे शेंद्री. का, ते विचारू नका. बायकोने विचारणं सोडलंय.

खऱ्या गाडीच्या रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. माझं मॉडेल खऱ्याच्या 87 पट लहान, म्हणून त्याला 87 ने भागलं की पावणेनऊ येतात, आणि 9 मिलिमीटरचे रूळ बाजारात तयार मिळतात. नशिबाने साथ दिली ती इथवरच. लांबीलाही 87 ने भागायचं म्हटलं, तर बार्शी लाईटची 1927 साली मिरजेला पोचलेली अख्खी लातूर-मिरज लाईन 202 मैलांची. हिशोबाने पावणेचार किलोमीटर. कर्वे पुतळ्यापाशी सुटलेली गाडी लकडी पुलापर्यंत जाईल. नुसतं कुर्डुवाडी-बार्शी घेतलं तरी चारशे मीटरच्या घरात, आणि माझी फळी नऊ फुटांची. त्यामुळे माझ्याकडे बार्शीच्या फलाटावर उभा असलेला माणूस कुर्डुवाडीच्या स्टेशनमास्तरला हाक मारू शकतो.

आणि या छंदाचं सामान! ते सगळं आल्प्समध्ये राहतं. झाडं मिळतात ती पाइनची. माणसं मिळतात ती जर्मन, ओव्हरकोट घातलेली, हातात स्कीच्या काठ्या. बाभूळ जगात कोणी बनवत नाही. वायरीतल्या तांब्याच्या तारांना पीळ घालघालून मी माझ्या बाभळी केल्या. काळ्या मातीसाठी चहाचा चोथा वाळवला. चोथ्यात पाती येते म्हणून घरात गवती चहा बंद केला, त्यावरून जे झालं ते इथे लिहीत नाही. जर्मनांचं मात्र जमलं. दोन सेंटिमीटरचा माणूस चिमट्यात धरायचा, ब्लेडने हॅट तासून टोपी करायची, ओव्हरकोट पांढरा रंगवून सदरा करायचा, आणि स्कीची एक काठी कापून दुसरीला भगव्या कागदाची टिकली चिकटवायची. झाला वारकरी. चेहरा तेवढा म्युनिकचा राहतो.

तर हे सगळं बघायला आबा आले. डोळ्यावर हिरवी पट्टी, हातात काठी. काकूंनी सांगितलं होतं, ‘आबांचं अर्धं आयुष्य त्या गाडीत गेलंय, त्यांना दाखवा, हरखून जातील.’ मीही खुशीत होतो. खरा जाणकार आजवर मिळालाच नव्हता.

आबा स्टुलावर बसले. एका डोळ्याने कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत बघितलं.

“मालक, कडुलिंब कुटंय?”

“कोणता?”

“शेंद्रीचा ओ. त्याच्या खाली तर समदी बसायची.”

मी म्हटलं, लावतो. मग त्यांची नजर ड्रॉपरकडे गेली. रुळांमध्ये बारीक वाळू पसरून तिच्यावर पातळ केलेला फेविकॉल थेंबाथेंबाने सोडावा लागतो, त्यासाठी ठेवलेला.

“ह्यो तर डोळ्याच्या औषधाचा. मला दिसात चारदा घालत्यात. तुमच्या रुळाला किती वेळा?”

त्यांच्यासोबत आलेली सोसायटीतली पोरं हसली. मी घाईने गाडी सुरू केली. इंजिन माझी शान आहे: इंग्लंडमधल्या लीड्सच्या किटसन कंपनीने या लाईनसाठी बनवलेलं 0-8-4 चाकांचं (पुढे एकही नाही, मधे आठ मोठी, मागे चार छोटी), जपानी चॅसीवर प्लॅस्टिकची शीट कापकापून चढवलेलं. गाडी कुर्डुवाडीहून निघाली, वळण घेतलं, शेंद्री, बार्शी. मी आबांकडे बघितलं.

“तुमची गाडी लई पळतीया.”

मी रेग्युलेटर कमी केला.

“अजून लई.”

इथे थोडं तांत्रिक बोलायला हवं, कारण माझा संताप समजायचा तर ते कळलं पाहिजे. एवढ्याशा मोटरला पळणं सोपं जातं, रांगणं नाही. वेग कमी केला की रुळावरचा धुळीचा एक कणही तिला पुरतो. चाकाला वीज मिळत नाही, इंजिन आचका देऊन थांबतं. म्हणून मी दर वेळी कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून रूळ पुसतो. त्या दिवशीही पुसले होते.

तरी शेंद्रीच्या अलीकडे, बाभळीजवळ, गाडी बसली.

आबा स्टुलावरून उठले. काठी फळीवर आपटली, तीन वारकरी आडवे झाले.

“आत्ता कसं! आत्ता आली बगा बार्शी लाईट!”

पोरांनी टाळ्या पिटल्या. मी इंजिनाला बोट लावायला गेलो तर आबांनी माझं मनगट धरलं. “ऱ्हाऊ द्या. डायवर च्या प्यायला गेलाय.” आणि मग थांबलेल्या गाडीसमोर बसून त्यांनी पोरांना अर्धा तास गोष्टी सांगितल्या. आषाढीला टपावर कशी माणसं बसायची, तिकीट तपासनीस टपावर चढायचा कसा. पोरं तोंड उघडी टाकून ऐकत होती. तीच पोरं, ज्यांना मी किटसनची चाकं समजावत होतो तेव्हा ‘काका, वायफायचा पासवर्ड काय?’ विचारत होती.

मला राग याचा येतो की ही लाईन म्हटलं की सगळ्यांना एवढंच आठवतं. हळू होती. घरी येणारा प्रत्येक जण तोच विनोद सांगतो, चालत्या गाडीतून उतरून विधी आटोपून परत चढायचा. आणि आपल्याला पहिल्यांदाच सुचल्यासारखा सांगतो. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हे नाव कोणाला माहीत नाही. या माणसाने एकेका आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही असं ठरवून इंजिनं, डबे, सगळं त्याच मापात बसवलं. हलके रूळ, स्वस्त लाईन. लीड्सजवळ रूळ टाकून आधी चालवून दाखवली, आणि 1897 मध्ये कुर्डुवाडी-बार्शी सुरू केली. पुढे याच गृहस्थाने विमानातून उडी मारायचं पॅराशूट बनवलं. हे मी एका पाहुण्याला सांगितलं तर तो म्हणाला, ‘बार्शी लाईटमधून उडी मारायला पॅराशूट कशाला?’ पुन्हा तेच!

शंभरावर वर्षं त्या गाडीने कापूस ओढला, वारी ओढली. आता तिथे ब्रॉडगेज आहे, चांगलंच आहे, पण शेंद्रीचं जुनं स्टेशन नेमकं कसं होतं हे शोधायला मला परक्या देशातल्या हौशी गोऱ्यांनी काढलेले फोटो धुंडाळावे लागतात. आपल्या लोकांनी फोटो काढले ते लग्नाचे. एखाद्या कोपऱ्यात डबा दिसतो, त्याच्यापुढे नवरदेव उभा.

आबांनी काल काकूंकडून निरोप पाठवला. पट्टी निघाली, आता दोन्ही डोळ्यांनी बघायचंय. येताना बार्शीचे दोन भाऊ आणि लातूरचे व्याही आणणार आहेत. टपावर माणसं कमी दिसली, तेवढी भरून ठेवा.

आज सकाळपासून मी जर्मन तासतोय. मघाशी स्पिरिटची बाटली घेऊन फळीकडे वळलो तर स्वयंपाकघरातून बायको ओरडली, “रूळ पुसू नकोस रे, पाहुणे येणारेत!”