जीर्णोद्धार म्हणू नका त्याला

आज सकाळी एका ग्रुपवर फोटो आला. काळ्या दगडाचं जुनं हेमाडपंती देऊळ, दारावर फ्लेक्स : 'भव्य जीर्णोद्धार सोहळा'. गाभाऱ्यात पांढऱ्या टाइल्स, कोरीव खांबांवर सोनेरी ऑइलपेंट, सभामंडपावर नवा स्लॅब. खाली शंभरेक हात जोडलेले. दिवसभर तो फ्लेक्स डोळ्यांपुढून हलत नाहीये.

जीर्ण झालेल्याचा उद्धार. उद्धार म्हणजे वर काढणं, तारणं. जे आहे तेच वाचवायचं. या देवळात काय वाचलं?

हेमाडपंती बांधणीत दगड खाचा-खुंट्या पाडून एकमेकांत बसवतात, मध्ये चुना नसतो. आत शिरलेलं पाणी सांध्यांतूनच बाहेर पडतं. तिथे सिमेंट भरलं की वाट बंद. ओल आत राहते, क्षार वर येतात, कोरीव कामाचे पापुद्रे सुटतात. ऑइलपेंटनंही हेच होतं. मग तो रंग काढायला सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूचा जोरदार मारा, करतात आणि उरलेलं नाक-डोळेही जातात! शिखर विटांचं असेल तर सिमेंटच्या गिलाव्याखाली वीट कुजते. तडा सांधायला साधी लोखंडी सळई घातली तर ती गंजून फुगते आणि दगडच फोडते. पिंपळाचं रोप हिसकून उपटलं तर मुळासकट दगड सुटून येतो. ते बुंध्याशी कापून मूळ जागेवरच मारावं लागतं.

लोक लगेच अहिल्याबाईंचं नाव घेतात. काशीत १७८० मध्ये त्यांनी मंदिर नव्यानं बांधलं, कारण जुनं तिथे उभंच नव्हतं. फोटोतलं देऊळ तर कालपर्यंत उभं होतं.

भिंत पोट काढून कलली असेल तर ती उतरवावीच लागते, हे मान्य. पण आधी प्रत्येक थराचे फोटो, नकाशा, प्रत्येक दगडावर क्रमांक. मग तोच दगड त्याच जागी. असं केलं तर खुशाल लिहा जीर्णोद्धार, मोठ्या अक्षरात लिहा.

विटांच्या शिखराला गिलावा चुन्याचाच हवा. चुनकळी (भाजलेल्या चुन्याचे खडे) पाण्यात विरवून निदान दोन आठवडे पाण्याखाली मुरू द्यायची. एक भाग चुन्याला दीड-दोन भाग वाळू आणि सुर्खी (विटांची पूड), चुना मळायच्या चक्कीत मळून एकजीव. गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरडा यांचं प्रमाण जाणत्या गवंड्याला विचारून. थर पातळ, वर आठ-दहा दिवस ओलं गोणपाट. घाई करून उन्हात वाळवला की भेगा पडतात, आणि मग म्हणायचं चुना टिकत नाही.

आपल्याकडे शब्दांची वानवा नाही हो. डागडुजी आहे, शाकारणी आहे, सांधे भरणं आहे. काय केलं ते शब्दातच कळतं. बारवेतला (पायऱ्यांच्या जुन्या विहिरीतला) गाळ काढून झरे मोकळे केले तर ते पुनरुज्जीवन, कारण पाणी खरंच परत येतं. तळाला काँक्रीट ओतलं तर झरे बुजतात, ते पुनरुज्जीवन नव्हे. पुनर्विकास शब्द निदान फसवत नाही, चाळ पडणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. टाइल्स बसवल्या तर नूतनीकरण म्हणा. जीर्णोद्धार म्हटलं की प्रश्न विचारणाराच अधार्मिक ठरतो, याचाच संताप येतो.

फोटो पुन्हा पाहिला. हात जोडलेल्या त्या माणसांवर राग धरवत नाही. कुणी सोयाबीन विकून आलेल्या पैशांतून वर्गणी दिली असेल. देव पावसात भिजू नये एवढंच त्यांना वाटलं. चुना मळणारा गवंडी त्यांना भेटलाच नाही, भेटला तो टाइल्सवाला ठेकेदार. १९५८ चा केंद्राचा आणि १९६० चा राज्याचा कायदा संरक्षित वास्तूंपुरताच, आणि गावोगावची असंख्य देवळं त्या यादीत नाहीत. मग सांगणार कोण? आपणच ना!

त्याच फोटोच्या डाव्या कोपऱ्यात एक वीरगळ (लढताना पडलेल्या वीराचा कोरीव स्मारकदगड) आडवा पडलाय, त्यावर सिमेंटच्या गोण्या रचल्यात. गावात कुणाची ओळख असेल तर आज फोन करा. गोण्या उचलून तो भिंतीशी उभा करायला सांगा, फळ्या खाली घालून, चार माणसांनी मिळून. आणि कुणी हौसेनं त्याला रंग लावायला निघालं तर हात धरा.