ग्रिनेल म्हणजे नुसता थांबा नव्हे

अमेरिकेच्या मिडवेस्टमधली (मध्य-उत्तर भागातली) छोटी कॉलेजची गावं म्हणजे 'चार वर्षं कशीबशी काढायची जागा', हे अशा गावांवरच्या एका लेखातलं वाक्य मनाला लागलं. आम्ही आयोवा राज्यातल्या ग्रिनेलमध्ये राहतो. वस्ती दहा हजारांच्या आत, गाव संपलं की लगेच मका आणि सोयाबीन. पण इथलं कॉलेज १८४६ चं, चिप बनवणाऱ्या इंटेल कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, रॉबर्ट नॉइस, इथेच शिकले. आणि वास्तुविशारद लुई सलिव्हनने रचलेली १९१४ ची बँकेची इमारत! तिच्या दारावरची गोल रंगीत काचेची खिडकी आणि भोवतालची नक्षी जरा थांबून बघाच. किराण्याचे मात्र हाल आहेत, हिंगासाठीसुद्धा राज्याची राजधानी डे मॉइनपर्यंत तासभर गाडी हाकावी लागते. तरी बर्फ पडला की शेजारचे आजोबा न सांगता आमच्या दारातलाही उपसून जातात. उन्हाळ्यात विद्यार्थी गेले की गाव सुनं होतं, हे तेवढं लेखकाचं पटलं.